रस्त्याच्या कामावरचा तात्पुरता सिग्नल: ब्रिटनमध्ये नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

ब्रिटनमध्ये येऊन गाडी हातात घेतली की थोड्याच दिवसांत रस्त्याच्या कामावरचा तात्पुरता सिग्नल भेटतोच. कुठे पाण्याची पाइप फुटलेली असते, कुठे गॅसची लाइन बदलत असतात, कुठे इंटरनेटची केबल टाकत असतात. अर्धा रस्ता कोन लावून बंद करतात आणि उरलेल्या एका लेनमधून दोन्हीकडची वाहतूक आळीपाळीने सोडतात. दोन्ही टोकांना हलवता येण्याजोगे सिग्नल उभे असतात. पायथ्याशी बॅटरीची पेटी, वाऱ्याने आडवे होऊ नयेत म्हणून वाळूच्या पिशव्या. हे सगळं दिसायला इतकं तकलादू असतं की नव्या माणसाला वाटतं, हा काही चौकातल्यासारखा खरा सिग्नल नाही, ठेकेदाराने आपल्या सोयीसाठी ठेवलेला दिवा आहे.

इथेच जन्मलेल्या अनेकांनाही तसंच वाटतं, हे मान्य करायला हवं. चौकातला लाल दिवा कधीही न तोडणारी माणसं इथे बिनदिक्कत घुसतात. तुमच्यासमोर कुणीतरी घुसेल, तुमच्या मागचाही तुम्ही घुसावं म्हणून अधीर होईल. त्यामुळे चार दिवस इकडच्या रस्त्यांवर चालवलं की 'इथे चालतं' असा समज पक्का होतो. चालत नाही. हायवे कोडच्या, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या अधिकृत पुस्तिकेच्या, १०९व्या नियमात तात्पुरते सिग्नल आणि पाट्या स्पष्ट शब्दांत धरलेल्या आहेत, आणि त्यामागे १९८८च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं कलम ३६ आहे. कायद्याला चौकातला लाल आणि खड्ड्याजवळचा लाल सारखाच.

पण दंडाच्या भीतीने हा सिग्नल पाळायचा, एवढ्यावर मला थांबायचं नाही. तो चालतो कसा हे एकदा कळलं की तोडावासा वाटतच नाही, म्हणून सुरुवात तिथून.

समोरचा रस्ता रिकामा का दिसतो

तुम्ही लाल दिव्यापाशी उभे आहात. समोरून कुणी येत नाही. आत काम करणारा माणूस दिसत नाही. दिवा मात्र लालच. अशा वेळी मनात येतं की सिग्नल बिघडला असावा, नाहीतर उगाच अडवून ठेवलंय.

त्या क्षणी बहुतेक वेळा दुसऱ्या टोकालाही लालच असतो. एका बाजूचा हिरवा संपला की दुसऱ्या बाजूचा लगेच लागत नाही. मध्ये काही काळ दोन्हीकडे लाल ठेवतात, आत शिरलेली शेवटची गाडी सुखरूप बाहेर पडावी म्हणून. हा काळ बंद केलेल्या लेनच्या लांबीवर ठरतो. समजा लेन २०० मीटर आहे. ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला ती ओलांडायला बावीस-तेवीस सेकंद लागतात. तीच लेन चढाची असेल आणि सायकलवाला ताशी १२ किलोमीटरने चढत असेल, तर त्याला पूर्ण एक मिनिट लागतं.

आता तुमच्या बाजूचा हिशोब करा. दोन्हीकडे ३० सेकंद हिरवा आणि प्रत्येक वेळी मध्ये २५ सेकंद दोन्हीकडे लाल, असं धरलं तर तुमच्या वाट्याला ८० सेकंद लाल येतो. त्यातले ५० सेकंद समोरच्यालाही हिरवा नसतो. म्हणजे तुमच्या थांबण्याच्या निम्म्याहून जास्त वेळ रस्ता 'उगाच' रिकामा दिसणार. तो वेळ आत असलेल्या माणसाचा आहे. वळणाआड, टेकाडापलीकडे किंवा खोदाईच्या मशीनमागे तो असतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही. तुम्ही मध्येच शिरलात तर त्याच्याकडे बाजूला व्हायला जागा नसते: एका हाताला कोन आणि खड्डा, दुसऱ्या हाताला भिंत किंवा झुडपांची कुंपणं.

पुण्या-मुंबईत सिग्नलवर उलटे आकडे मोजत थांबायची सवय असते. इथे आकडे नसतात. किती थांबायचं हे कळत नाही, आणि न कळल्यामुळे ८० सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात. हे अस्वस्थपण सगळ्यांनाच होतं. गाडीतल्या घड्याळाकडे एकदा बघून ठेवा, मन बरंच शांत होतं.

पाटी दिसल्यापासून

सगळ्यात आधी लाल त्रिकोणात फावडं घेतलेल्या माणसाची पाटी येते. तिच्यानंतर सिग्नलच्या तीन दिव्यांचं चित्र असलेला त्रिकोण दिसला, की पुढे तात्पुरता सिग्नल आहे. इथेच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा. गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवर ही पाटी अनेकदा झाडीत अर्धी बुडालेली असते, आणि रांगेचं शेपूट वळणापलीकडे अचानक समोर येतं. ताशी ६० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर हे फार महागात पडू शकतं. रांगेत सगळ्यात मागे तुम्हीच असाल तर मागून कुणी येईपर्यंत आरशात बघत राहा.

लाल वर्तुळातला वेगाचा आकडा दिसला तर तोही तात्पुरता असला तरी बंधनकारकच.

लहानसहान कामांवर सिग्नल नसतात. तिथे समोरच्याला आधी जाऊ देण्याची पाटी असते, नाहीतर एक माणूस हातात गोल फलक घेऊन उभा असतो, एका बाजूला लाल 'स्टॉप', दुसऱ्या बाजूला हिरवं 'गो'. घाटात दरड हटवताना आपल्याकडे लाल-हिरवा झेंडा घेऊन माणूस उभा असतो, तसंच. त्याचा 'स्टॉप' सिग्नलच्या लाल दिव्याइतकाच पाळायचा. दुसऱ्या टोकाला काय चाललंय हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं.

थांबायचं कुठे

तात्पुरत्या सिग्नलपाशी रस्त्यावर पांढरी रेषा बहुतेक वेळा नसते. तिच्याऐवजी लाल रंगाची आयताकृती पाटी असते, पांढऱ्या अक्षरांत: 'व्हेन रेड लाइट शोज वेट हिअर'. ती पाटी म्हणजेच तुमची रेषा. पाटीच्या अलीकडे थांबा, आणि फार अलीकडेही नको.

याला दोन कारणं आहेत. एक, वळून येणाऱ्या मोठ्या ट्रकला लेनमधून बाहेर पडताना जागा लागते. पुढे सरकून उभी राहिलेली गाडी त्याची वाट अडवते आणि मग दोन्हीकडची रांग खोळंबते. दुसरं कारण थोडं तांत्रिक आहे. पुष्कळ सिग्नलांच्या डोक्यावर एक लहान डबी असते, ती रडारने जवळ येणारी गाडी ओळखते आणि तुमच्या बाजूला कुणी आलंय हे यंत्रणेला कळवते. तुम्ही फार मागे थांबलात तर तिच्या नजरेत येत नाही. सिग्नलच्याही पुढे गेलात तरी येत नाही. शिवाय अशा सिग्नलला एका दिशेला बहुधा एकच खांब असतो. तो मागे पडला की दिवा कुठल्या रंगाचा आहे हे तुम्हालाच दिसत नाही, आणि मग माणूस अंदाजाने निघतो.

पिवळा

इथला क्रम आपल्यापेक्षा थोडा वेगळा आहे. लाल, मग लाल आणि पिवळा एकत्र, मग हिरवा, मग नुसता पिवळा आणि पुन्हा लाल. लाल-पिवळा एकत्र लागला की गिअर टाकून तयार राहा, पण निघायचं हिरव्यावरच.

नुसता पिवळा म्हणजे थांबा. अपवाद एकच: पिवळा लागला तेव्हा तुम्ही रेषेच्या इतके जवळ असाल की ब्रेक दाबल्यास मागचा येऊन आदळेल, तरच पुढे जायचं. 'पिवळा आहे तोवर काढून घेऊ' ही सवय भारतातून आलेल्यांमध्ये खोलवर रुजलेली असते आणि इथल्या लोकांमध्येही आहे. चौकात पिवळ्यावर निघालेला माणूस काही सेकंदांत पलीकडे पोचतो. इथे त्याला पुढे २०० मीटर जायचं असतं, आणि त्याच्यापुढे एखादा सायकलवाला असेल तर तो सायकलच्या वेगाने जाणार. दोन्हीकडच्या लालमध्ये ठेवलेला सगळा राखीव वेळ तिथेच संपतो. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघं घुसले, की समोरच्याला हिरवा मिळालेला असतो आणि हे तिघं अजून आतच असतात.

ट्रकच्या किंवा डबलडेकर बसच्या मागे असाल तर अंतर ठेवा. जवळ गेलात तर सिग्नल तिच्याआड जातो. बस पिवळ्यावर निघते, तुम्ही तिच्या शेपटाला धरून लालमधून जाता, आणि आपण काय केलं हे तुम्हाला कळतही नाही. नव्या ड्रायव्हरांकडून लाल तुटतो तो बऱ्याचदा असाच. डॅशकॅमला मात्र 'मला दिसलं नाही' हे दिसत नाही. अंतर वाढवा, दिवा स्वतः बघा, मग जा.

थांबलेले असताना

हँडब्रेक लावा. मागची गाडीही थांबली की पाय ब्रेकवरून काढा, म्हणजे रात्री मागच्याच्या डोळ्यांवर तुमचे ब्रेकलाइट येत नाहीत.

फोन हातात घेऊ नका. सिग्नलला थांबलो आहोत म्हणजे गाडी चालवत नाही, असं कायदा मानत नाही. हातात फोन सापडला तर २०० पौंड आणि लायसन्सवर दंडाचे ६ पॉइंट. इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन दोन वर्षं झालेली नसतील तर या एकाच चुकीने लायसन्स रद्द होतं आणि शिकाऊ लायसन्सपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

मागचा हॉर्न मारेल, हेडलाइट दाखवेल. क्वचित कुणी रांग सोडून तुम्हाला ओलांडून लालमधून निघूनही जाईल. जाऊ द्या. त्याच्यामागे जायचं नाही, आणि त्याला धडा शिकवायला गाडी आडवीही घालायची नाही. तुमच्या जागी तुम्ही बरोबर आहात, आणि त्याचं ऐकून लाल तोडलात तर पॉइंट तुमच्या लायसन्सवर येतील, त्याच्या नाही.

अँब्युलन्सचा सायरन मागून आला तर? नव्या माणसाची इथे खरी घालमेल होते, कारण वाट करून द्यायची ही आपली चांगली सवय असते. वाट जरूर द्या, पण लाल ओलांडून नव्हे. अँब्युलन्स, फायर ब्रिगेड आणि पोलिसांना तातडीच्या वेळी लाल दिव्याशी 'समोरच्याला आधी जाऊ द्या' या पाटीसारखं वागण्याची कायद्याने मुभा आहे आणि त्यांच्या चालकांना त्याचं प्रशिक्षण असतं. तुम्हाला ती मुभा नाही. जागच्या जागी शक्य तितकं डावीकडे घ्या, इंडिकेटर द्या, थांबून राहा. पुढे कसं जायचं ते अँब्युलन्सचा चालक ठरवेल. पोलिसाने स्वतः हाताने पुढे बोलावलं तर मात्र त्याचं ऐकायचं. आणि तुम्ही आधीच आतल्या अरुंद लेनमध्ये असताना मागून सायरन आला, तर तिथे कोनांत गाडी खुपसू नका. आहे त्या वेगाने बाहेर पडा आणि रस्ता रुंद झाला की डावीकडे थांबा.

हिरवा लागला, आता

हिरव्याचा अर्थ 'वाट मोकळी असेल तर जा' इतकाच आहे. रांगेत पहिले असाल तर निघण्याआधी आत एक नजर टाका. आतून शेवटची गाडी येत असेल तर तिला येऊ द्या. सायकलवाला असेल तर तोही येऊ द्या.

आमच्या भागात चढावरच्या एका वळणावर पाण्याच्या पाइपचं काम बरेच दिवस चाललं होतं. पावसाळी संध्याकाळ होती, माझी गाडी रांगेत पहिली, हिरवा लागला. वळणावर कोनांच्या चमकदार पट्ट्यांमध्ये एक बारीक पांढरा दिवा हलताना दिसला म्हणून मी थांबलो. मागच्याने लगेच हॉर्न दिला. मग एक बाई सायकलवरून, उभ्याने पायडल मारत, रेनकोटच्या टोपीतून पाणी गाळत बाहेर आल्या. त्या त्यांच्या हिरव्यावरच आत शिरल्या होत्या. चढाला वेळ लागला, इतकंच. माझ्या शेजारून जाताना त्यांनी हँडलवरची दोन बोटं उचलली. हॉर्न ऐकून मी निघालो असतो तर वळणात त्यांना जायला जागा नव्हती.

आत शिरल्यावर सायकलवाला पुढे असेल तर त्याच्यामागे राहा. हायवे कोडप्रमाणे ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि कोनांच्या लेनमध्ये तेवढी जागा नसते. मागे राहायला तीस-चाळीस सेकंद जास्त लागतील. गावाकडे घोडेस्वारही भेटतात, त्यांच्यासाठी आणखी हळू. कामगारांच्या बाजूने जाताना वेग एवढा ठेवा की खड्ड्यातून वर आलेला माणूस पाऊल रस्त्यावर टाकून बसला तरी थांबता येईल. मशीनच्या आवाजात त्याला तुमची गाडी ऐकू येत नाही, इलेक्ट्रिक गाडी तर मुळीच नाही.

पुढची रांग आतच थांबलेली दिसली, तर हिरवा असूनही बाहेरच थांबा. तुम्ही मध्ये अडकलात की समोरचा हिरवा तुमच्यावरच लागतो.

आत समोरून गाडी आली तर

तुम्ही हिरव्यावर आत आलात, आणि समोरून एकजण येतोय, म्हणजे तिकडचा लाल तोडून. आधी पूर्ण थांबा, हॅझर्ड लावा. हेडलाइट मारून तापायचं नाही. मग बघा की कोणाला मागे जायला कमी अंतर आहे आणि कोणाच्या मागे गाड्या नाहीत. तो एकटा असेल आणि नुकताच शिरला असेल तर त्याने मागे जावं. थांबून त्याला तेवढा वेळ द्या. तुम्ही नुकतेच शिरला असाल, मागे कुणी नसेल आणि रिव्हर्स घेणं सुरक्षित असेल, तर तुम्ही घ्या. बरोबर कोण होतं हा प्रश्न तिथे सोडवायचा नसतो. तुमच्यामागे चार गाड्या असतील तर रिव्हर्सचा विचारही करू नका, जागेवर थांबा आणि कामावरच्या माणसाला हाक मारा.

एक गोष्ट कधीच करायची नाही: कोन सरकवून किंवा कोनांमधून काम चाललेल्या भागात गाडी घालायची नाही. तिथे उघडा खड्डा असतो किंवा त्यात माणूस असतो.

लाल हलतच नाही तेव्हा

तात्पुरते सिग्नल खरोखर बिघडतात. बॅटरी उतरते, कुणाच्या धक्क्याने खांब फिरतो, डबीला गाडी दिसत नाही. म्हणून हे टप्प्याटप्प्याने करा.

आधी घड्याळ बघा. मनातले पाच मिनिट खरे दीडच निघतात. मग समोरून गाड्या जथ्याने येऊन जातात का ते बघा. येत असतील तर यंत्रणा चालू आहे. तुमची गाडी तिला दिसलेली नसावी, किंवा काम चौकात असून तीन-चार दिशांना आळीपाळीने हिरवा मिळत असेल. तिथे थांबणं लांबच असतं.

मग आपण कुठे उभे आहोत ते तपासा. लाल पाटीच्या खूप मागे असाल तर हळूच पाटीपर्यंत या. रडारला हालचाल लागते, म्हणून मागे कुणी नसेल तर थोडं मागे घेऊन पुन्हा पाटीपर्यंत येण्याचाही उपयोग होतो. सायकलवाल्यांना हा त्रास जास्त होतो. त्यांनी मागून गाडी येईपर्यंत थांबावं, किंवा उतरून सायकल हातात धरून पादचाऱ्यांसाठी आखलेल्या वाटेने जावं.

तरीही काही झालं नाही तर कामावरच्या माणसाला सांगा. रात्री किंवा रविवारी कुणी नसेल, तर कामाच्या जागेजवळ माहितीची पाटी लावलेली असते. काम कोणाचं आहे आणि अडचणीत कोणत्या नंबरवर फोन करायचा हे तीवर असतं. गाडी सुरक्षित जागी लावून फोन करा. फोन झाल्यावर गाडी वळवून दुसऱ्या रस्त्याने जा.

'इतका वेळ थांबलो, आता सावकाश गेलं तर चालतं' असा सल्ला अनेक जण देतात. कायद्यात साध्या ड्रायव्हरसाठी अशी सूट नाही. बिघडलेला लाल तुमच्या टोकाला अडकलेला असतो, पण दुसऱ्या टोकाला हिरवा अडकलेला असू शकतो. तिकडचे लोक निर्धास्त वेगाने येत असतात. 

सगळे दिवे विझलेले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा पाटी नसलेल्या चौकासारखं वागायचं: कुणालाच पहिला हक्क नाही, लाइट लावून पायी चालल्याच्या वेगाने पुढे, आणि जो जास्त आत आलाय त्याला आधी जाऊ द्यायचं.

घर किंवा गल्लीच मधोमध असेल तर

याबद्दल कुणी सांगत नाही. दोन सिग्नलांच्या मधल्या पट्ट्यातच तुमचं घर असलं तर ड्राइव्हवेतून बाहेर पडताना एकही सिग्नल दिसत नाही. अशा वेळी थांबून वाहतूक कोणत्या दिशेने चाललीय ते बघा. तुम्हाला जायचंय त्याच दिशेचा जथा येऊ द्या आणि त्यातल्या शेवटच्या गाडीच्या मागे लागा. रस्ता रिकामा दिसला म्हणून निघू नका, कारण आधी सांगितल्याप्रमाणे रिकामा म्हणजे मोकळा असं इथे नसतं. दिवसा कामगारांना विचारलं तर ते आनंदाने थांबवून सोडतात. काम सुरू होण्याआधीच कळावं असं वाटत असेल, तर वन डॉट नेटवर्क या संकेतस्थळावर आपल्या भागातली चालू आणि येऊ घातलेली कामं नकाशावर दिसतात. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं असेल तर आदल्या रात्री एकदा बघून ठेवावं. लाल तोडायचा मोह होतो तो बहुतेक वेळा दहा मिनिटं उशिरा घरातून निघाल्यामुळेच.

पत्र आलं तर

लाल तोडल्याबद्दल नेहमीचा दंड १०० पौंड आणि ३ पॉइंट. काही वेळा पॉइंटऐवजी पैसे भरून जागृतीचा कोर्स करण्याचा पर्याय मिळतो. प्रकरण कोर्टात गेलं तर दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. नोंद टीएस १० या कोडने होते आणि लायसन्सवर चार वर्षं राहते. विम्याच्या कंपन्या साधारण पाच वर्षांपर्यंतची माहिती विचारतात, ती लपवायची नाही. लपवली तर अपघाताच्या वेळी विमाच नाकारला जाऊ शकतो.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं. त्या काळात पॉइंट लागत नाहीत असा गैरसमज आहे. डीव्हीएलए, म्हणजे लायसन्स आणि गाड्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, तुमच्या नावाने नोंद उघडते आणि पुढे इथलं लायसन्स घेतलं की पॉइंट तिथे येतात. टेस्ट पास झाल्यापासून पहिल्या दोन वर्षांत एकूण ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द. भारतात वीस वर्षं चालवलेल्या माणसालाही हाच नियम. टेस्टमध्येच तात्पुरता लाल ओलांडलात तर ती गंभीर चूक धरून तिथेच नापास होता.

पोलिसांनी जागेवर थांबवलं नसेल तर नोटीस गाडीच्या नोंदणीकृत धारकाला १४ दिवसांत पोचावी लागते. कंपनीची किंवा भाड्याची गाडी असेल तर पहिलं पत्र त्यांना जातं, म्हणून तुमच्या हातात उशिरा आलं तरी ते गैर ठरत नाही. गाडी कोण चालवत होतं हे २८ दिवसांत कळवायचं असतं. न कळवल्यास ६ पॉइंट, म्हणजे मूळ चुकीच्या दुप्पट. एका घरात चौघं मित्र एकच गाडी वापरतात तेव्हा 'तुझ्या नावावर घाल, तुझे पॉइंट कोरे आहेत' असं ठरतं. हे करू नका. खोटं नाव देणं हा न्यायात अडथळा आणण्याचा गुन्हा आहे आणि त्यात लोक तुरुंगात गेले आहेत. व्हिसावर असलेल्याने तर याचा विचारही करू नये.

नव्याने आलेली माणसं घरं वारंवार बदलतात. प्रत्येक वेळी लायसन्सवरचा आणि गाडीच्या लॉगबुकवरचा (म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा), असे दोन्ही पत्ते बदला. पत्र जुन्या घरी पडून राहिलं तरी मुदत चालूच राहते.

दुसऱ्याने तोडताना दिसलं तर

पाठलाग करायचा नाही, खिडकीतून ओरडायचं नाही, गाडी चालवताना फोनवर शूटिंग तर अजिबात नाही. डॅशकॅम असेल तर त्या वेळची चित्रफीत त्याच दिवशी बाजूला काढून ठेवा, कारण जुन्यावर नवं चढत जातं. इंग्लंड आणि वेल्समधली बरीच पोलीस दलं आपल्या संकेतस्थळावर अशी चित्रफीत घेतात. नोटीस १४ दिवसांत जायची असल्यामुळे तुम्ही दोन-तीन दिवसांत पाठवलंत तरच त्यांच्या हाती वेळ उरतो. चित्रफितीत तीन गोष्टी दिसायला हव्यात: लाल लागलेला दिवा, तो लाल असताना गाडी पाटी ओलांडताना, आणि गाडीचा नंबर. आधीची आणि नंतरची मिनिटभराची चित्रफीत कापू नका, तुमचं स्वतःचं चालवणंही ते बघतात. गरज पडल्यास जबाब द्यायला तयार आहात का, असं फॉर्ममध्ये विचारतात. तिथे 'हो' लिहायची तयारी असेल तरच पाठवा.

एकाच कामावर रोज लाल तुटत असेल तर तेही कळवण्यासारखं आहे. माहितीच्या पाटीवरच्या नंबरवर आणि कौन्सिलच्या रस्ते विभागाला सांगा: कोणता रस्ता, कोणतं टोक, साधारण कोणती वेळ. कधीकधी सिग्नलची वेळ चुकीची लावलेली असते, हिरवा इतका अपुरा की रांग तीन-तीन फेऱ्या अडकते आणि लोक चिडून घुसतात. वेळ दुरुस्त केली किंवा गर्दीच्या तासांना हाताने चालवायला माणूस बसवला, की घुसणं बरंच कमी होतं.